तेलकाकूंची तीन वाक्यं

तेलकाका आले की माझ्या वर्कशॉपचं काम बंद पडायचं. बंद पडलेलं एक मशिन चालू करायला यायचे आणि चालू असलेली सगळी बंद पाडून जायचे. मी मालकीण, माझं डोकं फिरायचं. नर्सबायांचे अ‍ॅप्रन, वेटरांचे कोट, शाळेचे गणवेश, सगळ्या ऑर्डरी गळ्याशी आलेल्या, आणि इकडे वीसेक बायका सुया थांबवून खिदळत बसलेल्या. मी केबिनमधून ओरडत बाहेर यायची आणि दोन मिनिटांत त्यांच्यातच उभी राहून हसायला लागायची. मी तोंडाची फटकळ आहे, माझ्यापुढे कुणी फार बोलत नाही, पण या माणसापुढे माझी मात्रा चालत नसे.

शिलाई मशिनं दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. खांद्याला झोळी, हातात लांब चोचीचा तेलाचा डबा, बोटं कायम काळी. म्हणून नाव पडलं तेलकाका. मग त्यांच्या बायकोला लोक आपोआप तेलकाकू म्हणायला लागले. तुम्हाला हे नाव चालेल का, असं त्यांना कुणी विचारलं नसणार. मी त्यांना वहिनी म्हणायची.

माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही. दारू नाही, हात उगारणं नाही, कुणाचं वाकडं केलेलं नाही. कुठल्याही वर्कशॉपात गेले तरी लोकांचे चेहरे उजळायचे. पण त्यांच्या सगळ्या गमतींचं भांडवल एकच होतं, त्यांची बायको. आमच्या बाईसाहेबांनी असं केलं, आमच्या बाईसाहेब तसं बोलल्या. आणि त्यातही हुकमी एक्का म्हणजे पुतळ्याचा किस्सा. नवीन बाई कामाला लागली की जुन्या बायका स्वतःच म्हणायच्या, "काका, हिने अजून ऐकला नाही हो." कधीकधी मीसुद्धा म्हणायची.

मग तेलकाका डबा खाली ठेवायचे.

"मी खरं सांगतोय. लग्नाला आठ दिवस झालेले. मला एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात मशिन बघायला बोलावलेलं. म्हटलं, चला, नव्या नवरीला दुकान दाखवू. मी आत मशिनखाली, ही बाहेर. काम उरकून येतो तर आमच्या बाईसाहेब दाराशी उभ्या असलेल्या एका बाईशी बोलतायत. ताई, या झग्याची किंमत काय हो? बाई गप्प. ताई, हे कापड धुतल्यावर आटतं का? बाई गप्प. मग मला बघून जवळ आली आणि कानात म्हणते, चला इथून, फार शिष्ट आहे हो ती, तोंडातून शब्द काढत नाही."

इथे ते थांबायचे. एक हात कमरेवर, दुसरा मनगटात वाकडा, मान तिरकी, डोळे ताठ. दुकानातला पुतळा. बायका टेबलांवर डोकी ठेवून हसायच्या. "तेव्हापासून घाबरून आहे मी," ते पुढे म्हणायचे. "घरात जरा गप्प बसलो की ही मला किंमत विचारेल."

कधी वहिनी तिथेच असायच्या. विसरलेला डबा नाहीतर एखादा सुटा भाग द्यायला आलेल्या. त्या दाराशी उभ्या राहून हसऱ्या तोंडाने ऐकायच्या. "झालं का तुमचं?" एवढंच म्हणायच्या आणि निघून जायच्या. आम्हाला वाटायचं, काय मोकळ्या मनाची बाई आहे.

यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूर परक्या देशात गेलेली. सासरची माणसं पिढ्यान्पिढ्या तिकडचीच, घरात इंग्रजीच बोलणारी. मुलीला दिवस गेले आणि तिचा फोन आला. वहिनी तेलकाकांना म्हणाल्या, "बोलावलंय तिने." बस, एवढं कानावर पडलं आणि हे गृहस्थ चप्पल घालून बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या शेवटच्या दुकानाला कळलं होतं की तेलकाका आणि तेलकाकू विमानाने नातवाला बघायला चाललेत. मोठी बॅगसुद्धा आणली, चाकांची, आणि ती रस्त्यावरून मुद्दाम ढकलत घरी नेली.

मग ते माझ्याकडे आले. मी इंग्रजीच्या क्लासला जायची. परदेशातून ऑर्डरी येतात, आणि फोनवर येस, येस, नो, नो करून मी अर्धा धंदा घालवत होते. त्यांनी विचारलं, "ताई, आम्हा दोघांना घेतील का तुमच्या क्लासात?" मी म्हटलं घेतील की. "मला फक्त किस्से सांगण्यापुरतं यायला हवं," ते म्हणाले. "तिकडच्या व्याह्यांना पुतळ्याचा किस्सा मी मुलीच्या लग्नात सांगितला होता, पण मध्ये भाषांतर करणारा माणूस मठ्ठ होता. सगळी मजा घालवली त्याने. या खेपेला स्वतः सांगणार." वहिनींना मी विचारलं, तुम्हाला कशासाठी शिकायचंय. त्या म्हणाल्या, "ती माणसं काय बोलतात ते कळलं पाहिजे मला." मला वाटलं, साधं कुतूहल असेल.

क्लास एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत. खाली औषधांचा वास, वर आम्ही. बसायला दवाखान्यातलेच जुने लांब बाक, एका बाकावर दोघं. टीचर म्हणजे पंचविशीची पोरगी, आवाज खणखणीत, उत्साह उतू जाणारा. तिची शिकवायची पद्धत मात्र जगावेगळी. दर आठवड्याला ती फळ्यावर इंग्रजीतला एक वाक्प्रयोग लिहायची, जो तिकडची माणसं उठताबसता वापरतात, आणि प्रत्येकाने त्याची तीन वाक्यं घरून जमवून आणायची. पण वाक्य खरं हवं, स्वतःच्या घरातलं. "मांजर चटईवर बसलं, असली वाक्यं मला नकोत," ती म्हणायची. "ज्या वाक्याने तुमचं काही जात-येत नाही, ते तुमच्या तोंडी बसत नाही." आणि दुसरा नियम असा की एकाने वाक्य म्हटलं की त्याच्या बाकावरच्या जोडीदाराने उठून विचारायचं, सिन्स व्हेन? म्हणजे केव्हापासून? मग विचारायचं, व्हाय? का? आणि ज्याचं वाक्य त्याने उत्तर द्यायचंच. पळवाट नाही.

मजा यायची. एका आठवड्यात फळ्यावर होतं 'गिव्ह अप', सोडून देणं. माझ्या बाकावर न्हावी बसायचा. तो छाती काढून म्हणाला, मी सिगारेट सोडली आहे. मी विचारलं, सिन्स व्हेन? तो म्हणाला, आज सकाळपासून. व्हाय? म्हणाला, पाकीट संपलं.

तेलकाकांना हा क्लास म्हणजे आयतं व्यासपीठ. त्यांची तिन्ही वाक्यं बायकोवरची असायची. 'लुक आफ्टर', सांभाळणं, असं आलं की हे म्हणणार, माझी बायको माझ्यापेक्षा मांजराला जास्त सांभाळते. शेजारी वहिनी उठून शहाण्या मुलीसारख्या विचारायच्या, सिन्स व्हेन? व्हाय? आणि हे उत्तरात आणखी एक फोडणी घालायचे. क्लास डोक्यावर घ्यायचे. वहिनी स्वतःची वाक्यं हळू आवाजात म्हणायच्या. मी रोज झाडांना पाणी घालते, शेजारणीच्या आईला औषध देते, असली. तेलकाका मध्येच त्यांचे उच्चार दुरुस्त करायचे, तेही चुकीचे.

त्या आठवड्यात टीचरने लिहिलं, 'पुट अप विथ'. ती म्हणाली, "हे नीट समजून घ्या. एखादी गोष्ट आवडत नाही, पण तक्रार न करता चालवून घेतो. सोसतो. खपवून घेतो. तिकडे दिवसातून दहा वेळा ऐकाल. शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो, पुट अप विथ. साहेब चिडका आहे, पुट अप विथ." मग हसून म्हणाली, "घरोघरी भरपूर माल मिळेल. शोधून आणा."

पुढच्या वेळी सगळे माल घेऊन आले. न्हाव्याने सांगितलं, गिऱ्हाईक मला माझा धंदा शिकवतं, ते मी चालवून घेतो. व्हाय? कारण माझ्या हातात वस्तरा असतो आणि मला राग येऊ द्यायचा नसतो. बँकेचा वॉचमन म्हणाला, मी गेटवरच्या कुत्र्याला सोसतो आणि कुत्रा मला सोसतो. मी माझ्या नणंदेबद्दल बोलले, ते इथे सांगत नाही. तेलकाका उठले आणि म्हणाले, मी बायकोच्या घोरण्याला सोसतो. वहिनींनी विचारलं, सिन्स व्हेन? "सिन्स फर्स्ट नाइट," ते म्हणाले. खोली दणाणली. वहिनींचे कान लाल झाले, पण त्यांनी व्हाय विचारलं. नियम तो नियम.

मग वहिनींची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला.

"आय पुट अप विथ मशिन ऑइल," त्या म्हणाल्या. उशीवर तेल, टॉवेलवर तेल, दाराच्या कडीवर तेल. तेलकाकांनी ऐटीत विचारलं, सिन्स व्हेन? लग्नापासून. व्हाय? कारण ते तेल आमचं पोट भरतं. टीचर खूश झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेलकाकांनी स्वतःच्या बोटांकडे बघून सलाम ठोकला.

"आय पुट अप विथ अ स्टोरी," वहिनी म्हणाल्या. मी एक गोष्ट सोसते.

क्लासातल्या निम्म्यांनी तो किस्सा ऐकलेलाच होता. लगेच हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसले ते तेलकाका. कमरेवर हात, मनगट वाकडं, पुतळा होऊन त्यांनी विचारलं, "सिन्स व्हेन?"

"थर्टी इयर्स."

"व्हाय?"

वहिनींनी शब्द जुळवले. पाठ करून आल्या होत्या हे दिसत होतं. त्या म्हणाल्या, कारण गोष्ट ऐकून लोक हसतात, आणि लोक हसले की माझा नवरा आनंदात असतो.

हशा एकदम थांबला नाही. विरत गेला. पुढच्या बाकावरचे हसत होते, मागचे गप्प झाले होते. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्याचं काय करावं ते मला कळेना. तेलकाकांचा हात अजून वाकडाच होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला.

"अँड थर्ड सेंटेन्स?" टीचर म्हणाली. तिला वातावरण-बितावरण काही कळलेलं नव्हतं, ती वाक्यरचनेवर लक्ष ठेवून होती.

"माय डॉटर डझ नॉट पुट अप विथ इट." माझी मुलगी ते खपवून घेत नाही.

तेलकाका उभेच होते. टीचरने त्यांना खूण केली. आस्क. तेव्हा ते म्हणाले, "सिन्स व्हेन?"

तिच्या लग्नापासून.

मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी करावं, पाणी मागावं, खिडकी आपटावी. पण टीचर उत्साहाने म्हणाली, "कम ऑन, आस्क हर व्हाय."

"व्हाय?" तेलकाकांनी विचारलं. एवढा बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

वहिनी थांबत थांबत बोलल्या, एकेक शब्द ठेवत. लग्नात त्यांनी ती गोष्ट सांगितली. तेव्हापासून माझ्या मुलीच्या घरात मला नाव नाही. मी फोन केला की तिची सासू घरात हाक मारते, पुतळेवाल्या बाईचा फोन आहे. तिच्या नणंदेची लहान पोरं मला पुतळा-आजी म्हणतात. माझी मुलगी रोज ते ऐकते. म्हणून तिने मला एकटीला बोलावलं आहे. माझ्या नवऱ्याला बोलावलेलं नाही.

आणि त्या खाली बसल्या.

"एक्सलंट," टीचर म्हणाली. "नॉट अ सिंगल मिस्टेक." म्हणाली आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. बिचारीचं तोंड कानापर्यंत तापलं. फडकं घेऊन ती फळा पुसायला लागली, आणि पुसलेलाच फळा पुसत राहिली.

तेलकाका उभे होते. जोडीदाराने उत्तर मिळाल्यावर 'थँक यू' म्हणून बसायचं असा क्लासचा रिवाज होता. ते "थँक यू" म्हणाले आणि बसले. मला जमिनीने दुभंगून आत घ्यावं असं झालं. किस्सा त्यांचा होता, पण तो सांगा म्हणून आग्रह करणारी जीभ माझीच होती.

घरी जाताना आमचा रस्ता एकच. एरवी तेलकाका पुढे, हातवारे करत, आम्ही दोघी मागे. त्या दिवशी तिघं एका ओळीत चाललो. पानाच्या टपरीवाल्याने लांबून हाक मारली, "काय तेलकाका, विमान कधी उडतंय?" त्यांनी हात वर केला, पण तोंड उघडलं नाही. वहिनी सरळ समोर बघत चालत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता ना समाधान. परीक्षेचा पेपर देऊन बाहेर पडलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधीच तेलकाका दाराशी हजर. झोळी नाही, डबा नाही. डोळे सुजलेले. मी कुलूप काढलं आणि आत केबिनमध्ये बसवलं. चहा मागवला तर तो तसाच गार झाला.

"ताई, मी काल घरी गेल्यावर तिला विचारलं, हे मला घरात का नाही सांगितलंस? चारचौघांत का? तर ती म्हणाली, सांगितलं होतं. पाच-सहा वेळा सांगायला आले. तुम्ही दर वेळी मध्येच काहीतरी गंमत केलीत, आणि मीही हसले, आणि राहून गेलं. आपल्या भाषेत तुमच्यापुढे माझं वाक्य पुरं होत नाही. तिथे नियम होता, तुम्हाला विचारावंच लागलं."

मी टेबलावरच्या टाचण्या गोळा करत बसले.

"मग मी मुलीला फोन लावला," ते म्हणाले. "वाटलं, ती म्हणेल, आई उगाच वाढवून सांगते. ती म्हणाली, बाबा, तुम्ही मला नको आहात असं नाही. पण आधी आईला एकटीला येऊ दे. तिला इथे सगळ्यांशी बोलू दे, ती कशी आहे ते यांना कळू दे. मग तुम्ही या. तुम्ही आधी आलात की आई कुणाला दिसतच नाही."

बाहेर एकेक बाई येऊन मशिनवरचं कापड काढत होती. तेलकाकांनी आवाज आणखी खाली नेला.

"आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी दुकानात तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. लग्नानंतर मीच तिला म्हटलं, हा पेटीत ठेव. माझे मित्र हसतील, म्हणतील चष्मेवाली केलीस. मला लाज वाटत होती ताई. चार पावलांवरचा माणूस दिसत नव्हता तिला. महिनाभर ती घरात धडपडत होती. तो पुतळा तिला बाईच दिसला, आणखी काय दिसणार? आणि मी तो किस्सा केला. चष्म्याचा भाग गाळून."

मला संताप आला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तो तेलाचा डबा हाताशी असता तर मी त्यांच्या डोक्यात घातला असता. "अहो, तुम्ही माणूस आहात की कोण?" मी म्हटलं. "तीस वर्षं तुम्हाला एकदाही वाटलं नाही, चष्म्याचं सांगावं?"

"सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं," ते म्हणाले. आणि मग दोन्ही हातांत तोंड झाकून बसले. काळी बोटं, त्यांच्या फटीतून कपाळ दिसत होतं. मोठ्या माणसाला असं बघणं अवघड असतं. माझा राग जागच्या जागी बसला.

थोड्या वेळाने म्हणाले, "ती काल काय म्हणाली माहितेय? तुम्ही लोकांना सांगून बसला आहात, आता तुमची शोभा व्हायला नको. मी तिकडे सांगेन तुम्हाला कामाची गडबड होती. तुम्ही इकडे सांगा गुडघा धरलाय, डॉक्टरने विमान नको म्हटलंय. बघा. एवढं होऊन ती माझी अब्रू झाकायला बसली आहे." त्यांनी तोंड पुसलं. "नाही ताई. गुडघ्याचं नाही सांगणार. खरं तेच सांगणार. जिथे जिथे तो किस्सा सांगितला तिथे तिथे जाऊन सांगणार. सुरुवात तुमच्या वर्कशॉपपासून. हसल्या त्या इथल्याच बायका सगळ्यात जास्त. निदान त्यांनी तरी तिच्याकडे बघून हसू नये."

मी म्हटलं, "आज राहू दे. घरी जा, झोपा जरा."

"आज नाही सांगितलं तर उद्या मी काहीतरी गंमत करेन. मी मला ओळखतो," ते म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. सगळ्या मशिनांची घरघर सुरू झाली होती. तेलकाकांना बघून ती आपोआप थांबायला लागली. एका कोपऱ्यातल्या ओव्हरलॉक मशिनचा पट्टा खरोखरच निसटला होता. ती बाई म्हणाली, "बरं झालं आलात, काका." ते तिथे वाकले, पट्टा हातात घेतला, आणि तसेच पुन्हा उभे राहिले.

"काका, निघायची तारीख ठरली का?" पुढच्या ओळीतून कुणीतरी विचारलं. "आमच्यासाठी काय आणणार?"

"मी जात नाहीये," तेलकाका म्हणाले. "ती एकटीच जाणार आहे. मुलीने मला बोलावलेलं नाही."

कुठेतरी फुसकन हसू आलं. दोघीतिघींनी खुर्च्या वळवल्या. नवीन लागलेल्या पोरीला शेजारणीने कोपराने ढोसलं, ऐक आता.

"मी माझ्या बायकोचं तीस वर्षं हसं केलं," ते म्हणाले. "त्या दिवशी दुकानात तिला दिसत नव्हतं. तिचा चष्मा मी लपवायला लावला होता. माझ्या मुलीला माझी लाज वाटते. म्हणून मला बोलावलं नाही."

ते बोलत होते तो सूर नेहमीचाच होता. दुसरा त्यांना येतच नव्हता. तीच थांबण्याची जागा, तीच मान. आणि बायका हसल्या. आधी दोघी, मग ओळीच्या ओळी. एक डोळे पुसत म्हणाली, "चष्मा लपवला. हे नवीनच काढलंत हो काका." दुसरी म्हणाली, "मग पुढे काय झालं? काकूंनी विमानाला किंमत विचारली का?"

"पुढे काही नाही," तेलकाका म्हणाले. "एवढंच आहे. मी खरं सांगतोय."

मी खरं सांगतोय म्हटल्यावर तर कहर झाला. टेबलांवर हात आपटले. आतापर्यंतचा प्रत्येक किस्सा त्यांनी याच तीन शब्दांनी सुरू केला होता. ते एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे बघत होते. कुणीतरी एकीने थांबावं म्हणून वाट बघत होते. कुणी थांबलं नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही तरी सांगा यांना. मी गंमत करत नाहीये."

मी पुढे झाले. माझा आवाज चिरका निघाला. "ए, गप्प बसा सगळ्या," मी म्हटलं. "ते खरं बोलतायत. खरंच नाही बोलावलं त्यांना."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि मालकीणबाईसुद्धा आज सामील झाल्यात असं समजून त्या आणखी मोठ्याने हसायला लागल्या. तेलकाका खाली वाकले आणि आमच्याकडे पाठ करून पट्टा बसवू लागले.